बुधीचा हात आणि तेरेखोलकर डॉक्टर

तेरेखोलकर डॉक्टर मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते किटलीला प्लास्टर घालत बसले होते.

आम्ही सिल्वासाला आलो त्याच दिवशीची ही गोष्ट. मराठी शाळेत माझी नेमणूक झाली होती. रत्नागिरीहून आईला बरोबर घेऊन, वापीला उतरून, जूनच्या सुरुवातीची धूळ खात मी सरकारी क्वार्टर्समध्ये पोचले होते. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती, तरी क्वार्टर्सच्या खिडक्या अजून त्यांच्याच होत्या. त्या एकदा उघडल्या की लागत नसत आणि लागल्या की उघडत नसत. आईने पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातात वाटी दिली आणि शेजारून विरजण आणायला पिटाळलं.

शेजारच्या ओट्यावर पन्नाशीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस बसला होता. अंगात बनियन, खाली खाकी अर्धी विजार, हात कोपरापर्यंत पांढरेफटक. मांडीत अॅल्युमिनियमची किटली होती आणि तिच्या वाकड्या तोटीवर तो ओल्या पट्ट्या गुंडाळत होता.

"आलात? बरं झालं," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला. "ही तोटी धरा जरा. घट्ट नको. तान्ह्या मुलाचा हात धरल्यासारखी धरा."

"मी विरजण मागायला..."

"विरजण कुठे पळून जात नाही. प्लास्टर सुकतंय."

वर्गात पोरांना दरडावणारी बाई मी, पण त्या माणसाला इतकी घाई होती की नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. मी मुकाट्याने तोटी धरली. तेवढ्यात आतून एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ आले. ते दवाखान्यातले कंपाउंडर छगनभाई. त्यांनी किटली बघून कपाळाला हात लावला.

"साहेब, आ तो दवाखान्यानी किटली छे! आता चाय कशात करायची?"

"पातेल्यात करा," डॉक्टर म्हणाले. "किटली पेशंट आहे."

विरजण मिळालं. त्यात प्लास्टरची पूड पडलेली होती. दुसऱ्या दिवशी दही विटेसारखं लागलं आणि आईने त्याचं सगळं श्रेय सिल्वासाच्या म्हशींना दिलं.

किटली पेशंट झाली होती ती बुधीमुळे. दमणगंगेपलीकडे नरोलीच्या बाजूला वारल्यांचा एक पाडा होता. तिथल्या रमीची ही मुलगी, बुधवारची जन्मलेली म्हणून बुधी. दीडेक वर्षाची असेल. चालायची, पडायची आणि पडली की स्वतःच हसायची. तिचे दोन्ही हात जन्मापासून वेगळे होते. कोपराच्या पुढचा भाग आखूड होता, पंजा मनगटातून आतल्या अंगाला पुरता वळलेला होता, आणि अंगठा नव्हताच. चारच बोटं, पण ती चार बोटं कुणाचंही धोतर धरलं की सोडत नसत.

डॉक्टर ओट्यावर बसून येईल त्याला तो हात समजावून सांगत. पोस्टमन आला तर पोस्टमनला, भाजीवाली आली तर भाजीवालीला. "कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात. हिला अंगठ्याच्या बाजूचं हाड आलंच नाही. मग पंजाला त्या बाजूने टेकू कुठला? म्हणून तो तिकडे कलंडला. पोटात हात बनतात ते अगदी सुरुवातीला, दिवस गेलेत हे आईला धड उमगलेलंही नसतं तेव्हा. तेव्हाच काहीतरी राहून जातं."

"पण का राहतं?" मी एकदा विचारलं.

"मला ठाऊक नाही. आणि ठाऊक आहे असं जो सांगतो ना बाई, त्यालाही ठाऊक नाही."

बुधी आली की आधी ते तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत. असल्या मुलांच्या काळजातही कधी कधी खोट असते, म्हणत. ऐकून झालं की कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिला भरवत. सगळ्याच लहान पेशंटना ते स्वतःच्या हाताने गूळ भरवत, आणि त्यामुळे त्यांच्या कोटात कायम मुंग्या असत. स्टेथोस्कोपातून एकदा मुंगी निघून त्यांच्या कानात गेली तेव्हा त्यांनी त्या पेशंटच्या छातीत घरघर आहे असं निदान केलं होतं.

का राहतं ते डॉक्टरांना ठाऊक नसलं तरी पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रमीने पोटुशी असताना ग्रहणात कुऱ्हाड धरली, म्हणून पोरीचे हात असे. आमच्या क्वार्टर्समधल्या बायका मुंबई-कोकणातून आलेल्या, शिकलेल्या. त्याही नेमकं हेच म्हणत, फक्त कुऱ्हाडीच्या जागी विळी म्हणत. माझी आई त्यात सर्वांत पुढे. रमी दवाखान्यात येई ती मान खाली घालून. डॉक्टरांनी मुलीबद्दल काहीही विचारलं तरी तिचं उत्तर एकच.

"मीच गिरानात लाकडा फोडली, डागतर."

हे ऐकलं की डॉक्टरांचं डोकं फिरत असे. रागावले की ते थेट तेरेखोलच्या खाडीकाठच्या भाषेत उतरत. "अगो बाये, लाकडांचो आणि हाताचो काय संबंध गो?" पण रमीची मान काही वर होईना.

म्हणून त्या पावसाळ्यात भर दुपारी सूर्यग्रहण आलं तेव्हा डॉक्टरांनी ओट्यावर विळी मांडली. ढग पांगलेले होते. सगळी वसाहत दारं लावून आत बसलेली, पण खिडक्या लागत नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं. रमी बुधीला घेऊन दवाखान्यात आली होती, तिला त्यांनी मुद्दाम ओट्यासमोर आणून बसवलं. मग मागच्या मांडवावरून एक लांबलचक पडवळ तोडून आणलं आणि हे एवढ्या मोठ्याने ओरडून कापायला घेतलं.

"बघा! ग्रहण लागलंय आणि मी कापतोय! हे बघा, कापलं! काय झालं? काही झालं का? आणखी कापतो!"

आणि त्यांनी स्वतःचा अंगठा कापून घेतला.

रक्ताची धारच लागली. छगनभाई आयोडीन घेऊन धावले. आमच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "घ्या! झालं ना? सांगत होते मी!"

"अहो आई, हे विळीने कापलं, ग्रहणाने नाही!"

"ग्रहणात विळी धरली म्हणूनच ना?"

ग्रहणाचा दरारा त्या दिवसापासून वसाहतीत दुप्पट झाला. पण ओट्यासमोर बसलेली रमी तोंडाला पदर लावून गदगदून हसत होती. तिला हसताना आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. डॉक्टर अंगठा धरून तिच्यापुढे उकिडवे बसले.

"हसलीस ना? मग ऐक. माझा अंगठा माझ्या अकलेने कापला. तुझ्या पोरीचा हात तुझ्या कुऱ्हाडीने वाकडा झालेला नाही. तुझी काही चूक नाही, समजलं?"

जाताना रमी मान वर करून गेली. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. चक्रम होताच, त्यात वाद नाही.

अंगठ्याला बँडेज बसलं आणि डॉक्टरांना नवीनच नाद लागला. अंगठा नसेल तर काय काय अडतं याचा ते अभ्यास करू लागले. जखम भरली तरी अंगठा तळव्याशी बांधलेलाच. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, काडी ओढता येत नाही, नाडीची गाठ सुटत नाही. ही शेवटची अडचण त्यांनी दवाखान्याच्या वऱ्हांड्यातून मोठ्याने जाहीर केली होती. मग त्यांनी इतरांचेही अंगठे बांधायला सुरुवात केली. छगनभाईंनी बांधल्या अंगठ्याने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फोडल्या. माझाही अंगठा एक दिवस बांधला गेला आणि मी फळ्यावर लिहिलेलं मलाच वाचता येईना. "आता कळलं?" डॉक्टर खुशीत म्हणाले.

अशात पंधरा ऑगस्ट आला. शाळेत झेंडावंदनाला पाहुणे म्हणून डॉक्टरांना बोलावलेलं. कचेरीतले मोठे साहेबही आलेले. डॉक्टर इस्त्रीचा कोट घालून आले, पण उजवा अंगठा बांधलेलाच. मी डोळे वटारले, त्यांनी लक्ष दिलं नाही. दोरी ओढली, झेंडा उघडेना. पुन्हा ओढली, दोरी बोटांतून निसटली. मुलांना राष्ट्रगीत सुरू करावं की नाही ते कळेना, म्हणून अर्ध्यांनी सुरू केलं. छगनभाई मदतीला पुढे झाले तर डॉक्टर त्यांच्यावर खेकसले. शेवटी त्यांनी दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात अडकवली, बोटं आवळली आणि हिसका दिला. झेंडा उघडला, फुलं नेमकी त्यांच्याच डोक्यावर पडली, आणि डॉक्टर सलाम करायचं सोडून ओरडले, "बुधी अशीच धरते! बाई, बघितलंत? धोतर अशीच धरते ती!"

मोठे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "त्यांची तब्येत हीच."

अंगठ्यावाचून बुधीचं निभेल अशी त्यांची खात्री पटली, पण हात सरळ करायचाच हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. माझ्या शाळेतला खडू नेऊन त्यांनी ओट्याच्या भिंतीवर एक वाकडा हात काढला आणि शेजारी एक सरळ हात. येता-जाता त्या सरळ हाताकडे बघत. आधी हलक्या हाताने ताणायचं, मग प्लास्टर, मग थोडं आणखी सरळ करून पुन्हा प्लास्टर, आणि शेवटी मुंबईला ऑपरेशन, असा बेत ठरला होता. मुंबईचे एक मोठे सर्जन तयार झाले होते आणि ऑपरेशनच्या वेळी तेरेखोलकरांनी शेजारी उभं राहावं असंही त्यांनी कळवलं होतं. तापाच्या आणि हगवणीच्या पुड्या बांधण्यात आणि ताडावरून पडलेल्यांची हाडं बसवण्यात जन्म गेलेल्या माणसाला यापरता मान कोणता? त्यांनी त्यासाठी नवे बूट घेतले. किटलीवर तर रोज सराव चालू होता. तोटी आता कोपराएवढी जाड झाली होती.

ताणायचं कसं ते रमीला शिकवायला त्यांनी तिला पडवळाच्या मांडवाखाली नेलं. आमच्या कोकणात पडवळ वेडंवाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. डॉक्टरांनीही बांधले होते.

"हे बघ. ओढलं तर तुटेल. पण हा दगड हळूहळू ओढतो, दिवसरात्र. म्हणून पडवळ सरळ. पोरीच्या हाताचंही तसंच. अंघोळ घालताना, मांडीवर घेतलीस की, हळूच सरळ करायचा आणि थोडा वेळ धरायचा. समजलं?"

रमीने पडवळाकडे नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

पहिलं प्लास्टर घालायच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही दवाखान्यात गेले. घमेल्यात कोमट पाणी, त्यात पट्ट्या भिजत टाकलेल्या, डॉक्टर नवे बूट घालून सज्ज. रमी आली. तिच्या कडेवर बुधी, आणि बुधीच्या दोन्ही हातांना मऊ फडक्याने नीट बांधलेले दमणगंगेतले दोन गुळगुळीत गोटे.

डॉक्टरांच्या तोंडून शब्द फुटला तो एकदम तेरेखोलचा. "ह्या काय गो केलंस?"

"तुमीच सांगला ना, डागतर," रमी गोंधळून म्हणाली. "पडवलाला दगड बांदतात तसा. मंग मी बांदला. लहान लहान बगून आनला नदीतून."

"अगो, मी हाताने ताणायला सांगितलं होतं!"

"त्या पन केला. आन दगड पन बांदला. पन पोरगी लय झोडपते त्यानी. आज्याच्या कपालाला टेंगूल आला. बोकड तर जवलच येत नाय."

छगनभाई भिंतीला टेकून हसत सुटले. मीही हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टरसुद्धा हसले. "चुकला, माझाच चुकला," म्हणत त्यांनी फडकी सोडली आणि बुधीला टेबलावर बसवलं. सुटलेला एक गोटा तिने चार बोटांत उचलला आणि चोखायला तोंडाकडे नेला.

कोपर जवळजवळ हललंच नाही. हात काठीसारखा पुढे आला, आणि तो वाकडा पंजा टोकाशी वळून बरोबर तोंडाला लागला.

आम्ही दोघं अजून हसतच होतो, पण डॉक्टरांचं हसणं थांबलं होतं. त्यांनी तिचं कोपर हातात घेतलं आणि हळूच वाकवून पाहिलं. थोडं वाकलं, पुढे जाईना. दुसरं पाहिलं, तेही तसंच. मग पंजा सरळ धरून तो तोंडाकडे न्यायचा प्रयत्न केला. पंजा तोंडापासून लांबच राहिला. बुधीला गोटा मिळेना, ती भोकाड पसरून रडू लागली. डॉक्टरांनी पंजा सोडला. तो वळला, गोटा तोंडात गेला आणि रडणं थांबलं.

ते स्टुलावर बसले.

"साहेब, प्लास्टर बेसी गयुं," छगनभाई हळूच म्हणाले. घमेल्यातल्या पट्ट्यांचा धोंडा झाला होता. पुढे कित्येक वर्षं तो दवाखान्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेला असे.

दुसऱ्या दिवशी रविवारी जेवणाच्या वेळेला डॉक्टर आमच्याकडे आले. "बाई, शाळेतल्या फूटपट्ट्या आहेत का घरात? चार द्या." त्यांनी त्या कोपरांच्या आत-बाहेर लावून घेतल्या, माझ्याकडून वर बँडेज बांधवलं आणि पाटावर बसले. "आई, वाढा."

आईने आमटीभात वाढला. डॉक्टरांनी ताठ हाताने घास उचलला. तो कानापाशी गेला. दुसरा खांद्यावर पडला. तिसऱ्याने आईच्या देवांवर आमटी उडाली. आई पळी घेऊन उभीच राहिली.

"अहो, झालंय तरी काय तुम्हाला?"

"मला काही नाही. बुधीला होणार होतं." मिशीवरची आमटी तशीच ठेवून ते सांगू लागले. "आई, शेवग्याच्या शेंगा काढायला तुम्ही काठीला आकडी लावता. आकडी वाकडी दिसते म्हणून सरळ केलीत तर शेंगा निघतील का? तिचं कोपर वाकत नाही. हात आखूड, आणि टोकाला ही आकडी, म्हणून ती जेवते. मी तेवढीच काढून घ्यायला निघालो होतो. मोठ्या कौतुकाने, नवे बूट घालून."

"पण इतके महिने तुम्हाला दिसलं कसं नाही?" मी विचारलं. जरा तोडूनच विचारलं असेन.

"कसं दिसणार? गूळ मीच भरवत होतो ना तिला."

आईने पळी खाली ठेवली, त्यांच्या समोर बसली आणि आमटीभात कालवून एकेक घास त्यांच्या तोंडात घालू लागली. डॉक्टरांनी फूटपट्ट्या सोडायला नकार दिला. पोटभर जेवले मात्र.

त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच मुलाला गूळ भरवला नाही. खडा टेबलावर ठेवायचा आणि हात पाठीमागे बांधून बघत राहायचं. कसा उचलतो, कुठे अडतो, तोंडापर्यंत कसा नेतो. ताप घेऊन आलेल्या पोरालाही तीच परीक्षा. मग मुंग्या कोटातून टेबलावर आल्या.

रमीला सांगणं सर्वांत जड गेलं. हात सरळ झाला की पाड्यावरची तोंडं बंद होतील, अशी तिने आस धरली होती.

"मंग सरल नाय व्हनार?"

"होईल. दिसायला छान दिसेल. पण घास तोंडाशी जाणार नाही. मग तूच भरवशील. जन्मभर."

रमीने बुधीकडे पाहिलं. "आन मी मेल्यावर?"

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

रमीने बुधीला उचललं आणि तिचा तो वळलेला पंजा स्वतःच्या गालाला लावला. मला पुढचं बघवेना, मी बाहेर येऊन घमेल्यातल्या धोंड्याकडे बघत उभी राहिले.

मुंबईच्या सर्जनना मात्र हे पटलं नाही. खेड्यातल्या एका डॉक्टरने ऑपरेशन रद्द केल्याचा त्यांना राग आला होता. दसऱ्याच्या सुमाराला ते कुठूनसे परत जाताना मोटार वळवून स्वतःच सिल्वासाला आले. उंच, गोरे, सोनेरी काड्यांचा चष्मा. डॉक्टरांकडे जेवणाची सोय नाही, म्हणून पंगत आमच्याकडे. आईने साखरभात केला होता. रमी आणि बुधीलाही बोलावलेलं.

"तेरेखोलकर, मनगट सरळ झालं की बाकीचं मूल आपोआप शिकतं," सर्जन म्हणाले.

"सर, एक विनंती आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फूटपट्ट्या पुढे केल्या.

एवढा मोठा माणूस, पण कसं कोण जाणे, तयार झाला. तेरेखोलकरांना नाही म्हणायची सवड कुणालाच मिळत नसे. दोन्ही कोपरं बांधून झाली आणि आईने पुढ्यात साखरभाताचं ताट ठेवलं. बुधीला डॉक्टरांनी त्यांच्या शेजारीच बसवलं.

सर्जनांनी घास उचलला, तो टायवर गेला. चष्मा घसरला, तो वर सरकवता येईना. नाकाला खाज सुटली, तिथेही हात पोचेना. त्यांनी नाक गुडघ्यावर घासायचा प्रयत्न केला. छगनभाई तोंड फिरवून पंखा घालू लागले. तेवढ्यात बुधीने स्वतःचं ताट संपवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या ताटाकडे मोर्चा वळवला. चार बोटांच्या बेचक्यात भात, हात ताठ, पंजा वळला, भात तोंडात. आधी भात, मग बेदाणे, मग काजू. सर्जन चष्म्याच्या वरून बघत राहिले. ताट अडवायलाही त्यांना हात वळवता येईना. बुधीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि त्यांच्याकडे बघून ढेकर दिली.

"अहो, माझं ताट संपवलं हिने!" सर्जन म्हणाले.

"होय, सर," डॉक्टर म्हणाले. "संपवलं."

सर्जन एकदम हसू लागले. हसता हसता गंभीर झाले. "सोडा हे," कोपरांकडे बघत म्हणाले, आणि मग बराच वेळ बुधीचं एकेक कोपर हातात घेऊन बसले. जाताना म्हणाले, "आधी कोपरांवर मेहनत घ्या. ती पुरती वाकू लागली तरच मला बोलवा. नाहीतर राहू दे हात तसेच." आणि आईकडे वळून, "मला आता साखरभात मिळेल का?"

पुढची तीन-चार वर्षं आमच्या ओट्यांवर कोपरांचीच मेहनत चालली. डॉक्टरांनी एक भयाण गाणं रचलं होतं, त्याच्या तालावर रमी बुधीचं कोपर हळूहळू वाकवी. डॉक्टर गाऊ लागले की बुधी हातांनी त्यांचं तोंड दाबायला बघे, आणि डॉक्टर म्हणत, "उत्तम! तेवढाच व्यायाम." झोपताना पंजा आणखी वळू नये म्हणून त्यांनी बांबूच्या हलक्या खपच्या करून दिल्या होत्या. कोपरं थोडी सैल झाली. पुरती नाही झाली, आणि मुंबईला पुन्हा कुणी गेलं नाही. बुधी माझ्या शाळेत आली. दोन बोटांत खडू धरून ती असं अक्षर काढी की मी ते इतर मुलांना दाखवत असे.

मग डॉक्टरांची बदली झाली. निघायच्या दिवशी जीप दवाखान्यासमोर उभी होती. आईने डबा दिला आणि बजावलं, "ग्रहणात विळी धरू नका." छगनभाई रुमालात नाक शिंकरत होते. डॉक्टर पुढच्या सीटवर बसले होते. एका हातात फुगलेल्या तोटीची ती किटली, जी त्यांनी दवाखान्याकडून मागून घेतली होती, आणि दुसऱ्या हातात पडवळाच्या बियांचं गाडगं. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे निरोपाचा नमस्कारही करता येईना.

रमी बुधीला घेऊन गर्दीतून पुढे आली. बुधीने परकराच्या ओच्यातून काहीतरी काढलं. गुळाचा खडा होता, थोडा चोखलेला, एकदोन मुंग्यांसकट. तिने तो चार बोटांत धरला आणि जीपच्या खिडकीकडे हात वर केला. कोपर थोडं वाकलं, पुढे वाकेना. पंजा वळला, तरी खिडकी उंच होती.

"खा," ती म्हणाली.

आम्ही सगळे बघत होतो. छगनभाई तिला उचलायला पुढे झाले, तसे डॉक्टर त्यांच्यावर खेकसले, झेंड्याच्या दिवशी खेकसले होते तसेच. मग किटली आणि गाडगं सावरत ते खिडकीतून बाहेर वाकले, आणखी वाकले, टोपी खाली पडली तरी वाकत राहिले, त्या हातापर्यंत तोंड पोचेपर्यंत.